गळ्यांतील क्रूस : भूषण, ताईत कीं साक्ष?

(धर्मग्रामाच्या महोत्सवी वर्षांत, पवित्र क्रूसाच्या उत्कर्षाच्या सणाच्या सायंकाळीं दिलेलें भाषण)



महोत्सव समितीनें आम्हांस ह्या प्रसंगीं दोन शब्द बोलण्याची विनंति केली, तेव्हां विषय शोधीत बसण्याचें कारण पडलें नाहीं. आज सप्टेंबर महिन्याची १४ वी तारीख. पवित्र धर्मसभा आज क्रूसाचा उत्कर्ष साजरा करते. शिवाय गेल्या कांहीं महिन्यांत आपल्यापैकीं अनेकजण एकच प्रश्न निरनिराळ्या रीतीनें आमच्याकडे घेऊन आले आहेत. कचेरींत काम करणारी मुलगी विचारते, "फादर, कामावर जातांना गळ्यांतला क्रूस काढून ठेवला तर पाप लागेल काय?" तिचा भाऊ विचारतो, "क्रूस न घालतां मनुष्य चांगला ख्रिस्ती होऊं शकत नाहीं काय?" एक आजीबाई म्हणतात, "नातवाला सारखी दृष्ट लागते. काळ्या दोऱ्यांत ओवून क्रूस बांधूं का?" आणि एक वडीलधारे गृहस्थ थोड्या रागानेंच म्हणतात, "हल्लीं सिनेमांतलीं नटमंडळीहि क्रूस मिरवितात. मग आपण घालण्यांत अर्थ तो काय उरला?" ह्या सर्वांस एकेकटें उत्तर देण्याऐवजीं आज सर्वांसमक्ष उत्तर द्यावें असें आम्हांस वाटलें.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करूं. क्रूस गळ्यांत घातलाच पाहिजे अशी प्रभूची आज्ञा नाहीं, आणि धर्मसभेचाहि तसा नियम नाहीं. अमृत घेतलेल्या शीख बंधूंस पांच ककार धारण करणें हें धर्मानें लावून दिलेलें कर्तव्य आहे. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमांत तर कृपाण धारण करणें हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग समजावा असें स्वच्छ नमूद केलें आहे. मुंज झालेल्या मुलाच्या खांद्यावर जानवें येतें, तेंहि विधीनें येतें. आपल्याकडे तसें नाहीं. रविवारची मिस्सा निष्काळजीपणानें चुकविली तर तें पापनिवेदनांत सांगावें लागतें; क्रूस घरीं राहिला तर तें सांगावें लागत नाहीं. तेव्हां त्या मुलीनें मनांतील भीति काढून टाकावी. तिच्या भावालाहि आमचें उत्तर हेंच कीं, होय, गळ्यांत क्रूस न घालतां पुष्कळ माणसें उत्तम ख्रिस्ती होऊन गेलीं आहेत.

परंतु 'आज्ञा नाहीं' एवढ्यानें प्रश्न मिटत नाहीं. आईनें लेकराचा मुका घ्यावा अशीहि कोठें आज्ञा लिहिलेली नाहीं. प्रेम ज्या गोष्टी आपण होऊन करतें, त्यांचा अर्थ आज्ञेनें ठरत नाहीं. करणाराच्या मनानें ठरतो. म्हणून खरा प्रश्न असा आहे : क्रूस गळ्यांत घालणारा मनुष्य, घालतां घालतां, नेमकें काय म्हणत असतो?

ह्याचें उत्तर शोधण्यासाठीं थोडें मागें जाऊं. आज आपण क्रूस सोन्याचा करतों, त्यास साखळी लावतों, कधीं खडाहि बसवितों. त्यामुळें तो मुळांत काय होता ह्याचा आपणांस विसर पडतो. रोमी राज्यांत क्रूस म्हणजे गुलामांना व बंडखोरांना सर्वांच्या देखत हालहाल करून ठार मारण्याचें लाकूड. रोमी नागरिकाला सहसा ही शिक्षा देत नसत, इतकी ती लाजिरवाणी समजली जाई. आज कोणी फांसाच्या दोराची सोन्याची प्रतिमा करून गळ्यांत घातली तर आपणांस कसें वाटेल? त्या काळच्या माणसाला क्रूस पाहून तसेंच वाटत असे. म्हणूनच रोमच्या भुयारी स्मशानांच्या भिंतींवर आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनीं मासा, गलबताचा नांगर, मेंढरूं खांद्यावर घेतलेला मेंढपाळ अशीं चित्रें काढलीं. उघडा क्रूस तेथें क्वचितच आढळतो.

त्या काळचें एक चित्र मात्र ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. रोममध्यें पॅलेटाइन टेकडीवर, राजवाड्याच्या एका इमारतीच्या भिंतीवर खरवडून काढलेलें हें चित्र १८५७ सालीं उजेडांत आलें. विद्वान लोक तें साधारणपणें इ. स. २०० च्या सुमाराचें मानतात. त्यांत क्रूसावर टांगलेला एक पुरुष आहे, पण त्याचें डोकें गाढवाचें आहे. खालीं एक तरुण हात वर करून उभा आहे, आणि आलेक्सामेनोस आपल्या देवाला भजत आहे अशा अर्थाचीं ग्रीक अक्षरें शेजारीं कोरलेलीं आहेत. आपल्या प्रभूच्या क्रूसारोहणाचीं जीं अगदीं जुनीं चित्रें आज शिल्लक आहेत, त्यांपैकीं हें एक. आणि तें भक्तानें नव्हे, तर टवाळखोरानें काढलेलें आहे. आलेक्सामेनोस कोण होता, पुढें त्याचें काय झालें, ह्याची कोणी नोंद ठेवली नाहीं. परंतु एवढें मात्र उघड आहे कीं, तो ख्रिस्ती आहे हें त्याच्या सोबत्यांना ठाऊक होतें. गळ्यांत क्रूस घालण्याची चाल तेव्हां पडली नव्हती. तरीहि तो क्रूसावरच्या देवाचा मनुष्य आहे हें त्यांनीं ओळखलें होतें. बंधूंनो, हा प्रसंग आम्हीं मुद्दाम आधीं सांगितला. कारण पुढें जें सांगावयाचें आहे तें सर्व ह्यांत बीजरूपानें आलें आहे.

जवळपास त्याच काळीं आफ्रिकेंतील कार्थेज नगरांत टर्टुलियन नांवाचा लेखक होऊन गेला. तो लिहितो कीं, घरांतून निघतांना, घरांत शिरतांना, जोडा घालतांना, स्नानाच्या वेळीं, जेवणास बसतांना, दिवा लावतांना ख्रिस्तीजन आपल्या कपाळावर क्रूसाची खूण करतात. म्हणजे सोन्याचा किंवा लाकडाचा क्रूस गळ्यांत येण्यापूर्वीं ख्रिस्ती मनुष्य तो बोटानें कपाळावर धारण करीत होता. पुढें ३१२ सालीं कॉन्स्टंटाइन रोममध्यें विजयी होऊन शिरला, ३१३ सालीं ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, आणि त्या शतकांत क्रूसावर मारण्याची शिक्षाहि बंद पडली. ३३५ सालीं यरुशलेम येथें प्रभूच्या कबरेवरील मंदिराचें समर्पण झालें. आजच्या सणाचा उगम त्या समर्पणाच्या उत्सवांत आहे. लाजेचें लाकूड आतां सन्मानाचें चिन्ह झालें, आणि मग तें गळ्यांत आलें.

गळ्यांतील क्रूसाविषयींच्या अगदीं जुन्या हकीकतींपैकीं एक मोठी हृदयंगम आहे. आशिया मायनरमध्यें माक्रिना नांवाची एक पवित्र स्त्री होती. थोर धर्माचार्य बासील व ग्रेगरी हे तिचे भाऊ. घराणें श्रीमंत, परंतु तिनें संपत्ति वाटून टाकून गरीब भगिनींसमवेत प्रार्थनेंत व कष्टांत आयुष्य काढलें. ३७९ च्या सुमारास ती वारली, तेव्हां भाऊ ग्रेगरी जवळ होता, आणि पुढें त्यानेंच तिचें चरित्र लिहिलें. दफनासाठीं तिचा देह सजवितांना एका भगिनीच्या हाताला तिच्या गळ्यांतील दोरा लागला. त्या दोऱ्यास एक लोखंडी क्रूस व एक लोखंडी अंगठी अशा दोन वस्तु होत्या, आणि त्या नेहमीं तिच्या हृदयावर टेकत असत. ग्रेगरीनें क्रूस त्या भगिनीस दिला व अंगठी स्वतः ठेविली. तेव्हां कळलें कीं, अंगठींत प्रभूच्या क्रूसाच्या लाकडाचा अंश जपून ठेवलेला आहे. बायांनो, ह्यांतील दोन गोष्टी लक्षांत घ्या. क्रूस लोखंडाचा होता. आणि तो वस्त्राच्या आंत होता, इतका आंत कीं, सख्ख्या भावालाहि ती मेल्यावरच त्याचा पत्ता लागला.

आतां आपल्या प्रश्नाकडे वळूं. आज आपल्यांत क्रूस तीन कारणांनीं घातला जातो : कोणी भूषण म्हणून, कोणी ताईत म्हणून, आणि कोणी साक्ष म्हणून.

भूषण म्हणून घालणारांस आम्ही फार कठोर शब्द बोलणार नाहीं. सुंदर वस्तु देवाला अप्रिय नाहीं. आपल्या वेदीवरील क्रूसहि आपण हौसेनें घडवून घेतलेला आहे. परंतु स्नानसंस्कार, पहिला ख्रिस्तप्रसाद, लग्न अशा प्रसंगीं किती तोळ्यांचा क्रूस दिला ह्याची आपल्या घरांतून चर्चा होते, आणि गरीब मामा कर्ज काढून भाचीला सोन्याचा क्रूस करतो, हें पाहून मन विषण्ण होतें. ज्या प्रभूच्या अंगावर मरतेवेळीं वस्त्रहि राहूं दिलें नाहीं, त्याच्या क्रूसासाठीं सावकाराच्या दारीं जावें काय? प्रभूच्या काळीं यहूदी लोकांत शास्त्रवचनें घातलेल्या चामड्याच्या लहान डब्या कपाळावर व दंडावर बांधण्याची चाल होती. प्रभूनें त्या बांधण्याला दोष दिला नाहीं; त्या लोकांनीं पाहाव्या म्हणून रुंद करण्याला दोष दिला, असें मत्तय सांगतो. चिन्ह मोठें झालें कीं श्रद्धा मोठी होते असें नाहीं.

ताईताची गोष्ट अधिक गंभीर आहे. शमुवेलाच्या पुस्तकांत एक प्रसंग आहे. पलिष्ट्यांशीं लढतांना इस्राएल लोकांचा मोड झाला. तेव्हां त्यांनीं शिलो येथून देवाच्या कराराचा कोश रणांगणांत आणविला. कोश आला म्हणजे जय ठेवलेलाच, असें त्यांना वाटलें. त्यांनीं इतका मोठा जयघोष केला कीं भूमि दणाणली. आणि मग? त्यांचा पूर्ण पराभव झाला, कोश शत्रूच्या हातीं गेला, आणि ती बातमी ऐकून म्हातारा एली आसनावरून पडून मेला. कोश पवित्र होता, खोटा नव्हता. परंतु त्यांनीं देवाला शरण जाण्याऐवजीं देवाची वस्तु हत्यारासारखी वापरूं पाहिली. दुसरा दाखला पितळी सर्पाचा. मोशेनें रानांत तो उंच केला आणि त्याकडे पाहून सर्पदंश झालेले वांचले. प्रभूनें स्वतः आपल्या क्रूसाची तुलना त्या सर्पाशीं केली. तरीहि कित्येक शतकांनंतर लोक त्याच सर्पापुढें धूप जाळूं लागले, तेव्हां धार्मिक राजा हिज्कीया ह्यानें तो फोडून टाकला. देवानेंच दिलेली वस्तु देवाच्या जागीं बसली, कीं ती फोडावी लागते.

म्हणून त्या आजीबाईंस आम्ही आदरपूर्वक सांगतों : बाई, नातवाच्या गळ्यांत क्रूस अवश्य घाला, पण दृष्टीच्या काळ्या दोऱ्यांत नको. त्याला ताप आला तर आधीं डॉक्टरकडे न्या. रोज रात्रीं त्याचा हात धरून त्याला कपाळावर, छातीवर व खांद्यांवर क्रूसाची खूण करावयास शिकवा, आणि त्याच्यासाठीं प्रार्थना करा. धर्मसभेनें आशीर्वादित केलेल्या वस्तु सात साक्रामेंतांप्रमाणें कृपा देत नाहींत. धर्मसभेच्या प्रार्थनेनें त्या आपलें मन कृपेसाठीं तयार करतात. मनाची तयारी सोडून नुसत्या वस्तूवर भरंवसा टाकणें ह्यास धर्मसभा अंधश्रद्धाच म्हणते.

ह्याचा अर्थ संकटांत क्रूसाकडे धांव घेऊं नये असा नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां तेथील गांवठाणांतून आपल्या ख्रिस्ती बांधवांनीं ठिकठिकाणीं क्रूस उभारले. त्यांपैकीं कित्येक आजहि गल्लीच्या तोंडाशीं उभे आहेत, आणि वर्षांतून एकदां शेजारीपाजारी त्यांना फुलें वाहून तेथें जपमाळ म्हणतात. पदर पसरून मागणें वेगळें आणि मंतरलेला धागा बांधून निश्चिंत होणें वेगळें. मागणारा देवाच्या इच्छेपुढें मान लववितो; ताईत बांधणारा देवालाच आपल्या इच्छेला बांधूं पाहतो.

राहिली साक्ष. 'साक्ष' हा कोर्टांतला शब्द आहे. साक्षीदार एकदां उभा राहिला कीं त्याची उलटतपासणी होते. क्रूस गळ्यांत घालणारा मनुष्य जगाला सांगतो, "मी त्या क्रूसावर मेलेल्या प्रभूचा आहें." जग लगेच त्याची तपासणी सुरू करतें. ती तपासणी वकील करीत नाहीं. घरांत काम करणारी बाई, शेतावरचा मजूर, दुकानांतील नोकर, शेजारी, सून हीं करतात. क्रूस घातलेल्या मालकानें मजुराचे पैसे बुडविले, तर त्या मजुरानें क्रूसाविषयीं काय समजावें? बांधावरून भाऊभाऊ कोर्टांत जातात, आणि दोघांच्याहि गळ्यांत आईनें दिलेला क्रूस असतो. दारू पिऊन बायकोवर हात उगारतांना तोच क्रूस छातीवर हेलकावे खातो. इतिहासानेंहि हा घाव सोसला आहे. १०९५ सालीं क्लेरमाँ येथील सभेनंतर हजारों माणसांनीं आपल्या वस्त्रांवर क्रूस शिवून घेतला. आणि १०९९ सालीं यरुशलेम जिंकतांना त्याच क्रूसधारी सैन्यानें नगरांतील रहिवाशांची जी कत्तल केली, तिची आठवण अद्याप बुजलेली नाहीं. वस्त्रावर क्रूस होता. परंतु शत्रूंसाठीं क्षमा मागणारा त्या क्रूसावरचा प्रभु त्यांच्या मनांत नव्हता.

ह्याच्या उलट, आपल्याच मातींतील एका साक्षीदाराकडे पाहा. संत गोन्सालो गार्सिया वसईस जन्मला. त्याची आई येथील, बाप पोर्तुगीज. येशुसंघीय धर्मगुरूंपाशीं तो शिकला, जपानांत व्यापार केला, जपानी भाषेंत तरबेज झाला, आणि पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधा बंधु म्हणून दाखल झाला. धर्मगुरु नव्हे, साधा बंधु. १५९३ सालीं दुभाषी म्हणून तो पुन्हां जपानांत गेला. तेथें छळ सुरू झाला, तेव्हां त्याला व त्याच्या सोबत्यांना क्योतो येथें पकडून, डाव्या कानाचा तुकडा कापून, गांवोगांव मिरविलें आणि हिंवाळ्याच्या थंडींत नागासाकीपर्यंत नेलें. ५ फेब्रुवारी १५९७ ह्या दिवशीं २६ जणांना क्रूसांवर चढवून भाल्यांनीं भोसकण्यांत आलें. त्यांत १२ वर्षांचा लुईस नांवाचा बालकहि होता. १८६२ सालीं पोप नववे पायस ह्यांनीं ह्या रक्तसाक्षींस संतपद दिलें, आणि आज वसईंतील गास येथें गोन्सालोच्या नांवाचें मंदिर उभें आहे. गोन्सालोच्या गळ्यांत कोणत्या धातूचा क्रूस होता हें आपणांस कोणी सांगितलेलें नाहीं, आणि सांगण्याची गरजहि नाहीं. त्यानें क्रूस धारण केला असें म्हणण्यापेक्षां क्रूसानेंच त्याला धारण केलें असें म्हटलें पाहिजे.

जपानची ही कथा येथेंच संपत नाहीं. १६१४ सालीं तेथें ख्रिस्ती धर्मावर सरसकट बंदी आली. पुढें अधिकारी ख्रिस्ताची किंवा मरियामातेची प्रतिमा जमिनीवर ठेवीत आणि लोकांना तिच्यावर पाय देऊन पुढें जावयास लावीत. जो कचरला तो ख्रिस्ती म्हणून पकडला जाई. क्रूस गळ्यांत घालणें म्हणजे मरण ओढवून घेणें, अशी ती स्थिति होती. अशा स्थितींत धर्मगुरूवांचून, मिस्सेवांचून, दोनशेंहून अधिक वर्षें कांहीं कुटुंबांनीं स्नानसंस्कार व प्रार्थना बापाकडून मुलाकडे चालू ठेविल्या. १८६५ सालीं नागासाकीस परदेशी लोकांसाठीं नवें मंदिर बांधलें गेलें, तेव्हां त्यांपैकीं कांहीं मंडळी फादर पतिजाँ ह्यांच्यापाशीं आली आणि हळूच म्हणाली कीं, आमचें अंतःकरण तुमच्यासारखेंच आहे. ही बंदी १८७३ सालीं उठली. कधींकधीं क्रूस दिसूं न देतां वाहावा लागतो. तोहि क्रूसच असतो.

आपल्या काळांतील एक प्रकरणहि सांगितलें पाहिजे, कारण आपलीं मुलें कचेऱ्यांत, कारखान्यांत व परदेशीं नोकऱ्या करतात. इंग्लंडांत नाडिया एवेडा नांवाची एक कॉप्टिक ख्रिस्ती बाई विमान कंपनींत कामाला होती. गणवेशावर लहानसा क्रूस दिसूं दिला म्हणून २००६ सालीं तिला घरीं बसविण्यांत आलें. दुसरी शर्ली चॅप्लिन ही परिचारिका. वृद्ध रुग्णांची सेवा करतांना गळ्यांत साखळी नको, असें इस्पितळाचें म्हणणें. रुग्ण ती ओढील किंवा ती उघड्या जखमेला लागेल अशी त्यांना भीति होती. दोघींचीं प्रकरणें स्ट्रासबुर्ग येथील मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयांत गेलीं. १५ जानेवारी २०१३ रोजीं निकाल लागला. पहिलीच्या बाबतींत न्यायालय म्हणालें कीं, क्रूस दिसूं देण्याची तिची इच्छा धर्मस्वातंत्र्यांत मोडते आणि कंपनीच्या दिखाव्याला त्याहून अधिक महत्त्व दिलें गेलें. दुसरीच्या बाबतींत मात्र रुग्णांच्या सुरक्षिततेचें कारण न्यायालयानें ग्राह्य धरलें.

त्या दोघींच्या मनाचा न्याय करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु ह्या दोन निकालांत एक विवेक आहे तो आपणांस उपयोगी आहे. क्रूस कां काढावयाचा, हें आधीं पाहावें. यंत्रावर काम आहे, साखळी अडकून जीव जाईल. रुग्णाची जखम आहे, तिला इजा होईल. अशा वेळीं क्रूस निःशंक मनानें काढून खिशांत ठेवावा. शेजाऱ्याच्या जिवाची काळजी घेणें हेंहि क्रूसाचेंच काम आहे. पण मैत्रिणी हंसतील, साहेब काय म्हणेल, आपण जुनाट दिसूं, अशा लाजेनें हात साखळीकडे जात असेल, तर तेथें क्षणभर थांबावें. ज्या प्रभूनें भर दुपारीं, भर रस्त्यावर आपली लाज धरली नाहीं, त्याची आपण लाज धरतों कीं काय, हें स्वतःला विचारावें. मुली, तुला आमचें उत्तर हें असें आहे. पाप साखळीच्या काढण्यांत नाहीं. कां काढली ह्यांत कदाचित् असूं शकेल, आणि तें तुझें तुलाच कळेल.

आतां तीन आक्षेपांना थोडक्यांत उत्तर देऊं.

कोणी म्हणतात कीं, प्रभूनें प्रार्थना खोलींत शिरून, दार लावून करावयास सांगितलें. मग धर्माचें चिन्ह उघड कां मिरवावें? ह्यावर आमचें म्हणणें असें कीं, त्याच डोंगरावरच्या प्रवचनांत प्रभूनें दिवा मापाखालीं न ठेवतां दिवठणीवर ठेवण्यासहि सांगितलें आहे. दोन्ही शिकवणींत विरोध नाहीं. आपली स्तुति व्हावी म्हणून दाखवूं नये. देवाची स्तुति व्हावी म्हणून लपवूं नये.

कोणी म्हणतात कीं, धातूच्या तुकड्याला मान देणें ही मूर्तिपूजा होय. हा वाद जुना आहे. ७८७ सालीं नायसिया येथें भरलेल्या दुसऱ्या धर्मपरिषदेनें त्याचा निर्णय दिला. आराधना फक्त देवाची. क्रूसाला व पवित्र प्रतिमांना सन्मान. आणि प्रतिमेला दिलेला सन्मान जिची ती प्रतिमा, तिच्याकडे पोंचतो. परगांवीं असलेल्या मुलाच्या छायाचित्राचा आई मुका घेते, तेव्हां ती कागदावर प्रेम करते असें कोणी म्हणत नाहीं.

आणि नटमंडळींच्या गळ्यांतील क्रूसाविषयीं म्हणाल तर, खोटें नाणें बाजारांत आलें म्हणून खरें नाणें कोणी फेंकून देत नाहीं. उलट प्रत्येकजण आपलें नाणें वाजवून पाहूं लागतो. त्यांच्या क्रूसाचा हिशेब त्यांच्यापाशीं. आपलें नाणें वाजतें कीं नाहीं, एवढेंच आपण पाहावें. शिवाय, हौसेनें घातलेल्या क्रूसाकडे पाहून एखाद्या दिवशीं त्यांच्यापैकींच कोणी विचारणार नाहीं कशावरून, कीं हा लाकडावरचा मनुष्य आहे तरी कोण?

शेवटीं, घरीं घेऊन जाण्यासारख्या चार गोष्टी सांगतों. क्रूस घ्यावयाचा तर ऐपतीप्रमाणें घ्यावा. लाकडाचा, दोऱ्यांतला क्रूस सोन्याच्या क्रूसाहून कमी नव्हे. घातल्यावर तो धर्मगुरूकडून आशीर्वादित करून घ्यावा, आणि सकाळीं त्याचें चुंबन घेऊन आजच्या दिवसाचा क्रूस मागून घ्यावा. कारण प्रभूनें आपला क्रूस दररोज उचलावयास सांगितलें, असें लूक लिहितो. हा क्रूस कोणाशीं वाद घालण्यासाठीं किंवा दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याला खिजविण्यासाठीं नाहीं. ज्या हातांनीं तो आपण घालतों, त्याच हातांनीं त्या शेजाऱ्याच्या अडीअडचणीस धांवून जावें. आणि जुना होऊन मोडलेला क्रूस केरांत टाकूं नये. तो आदरानें जाळावा किंवा स्वच्छ जागीं पुरावा.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकीं प्रत्येकानें एक क्रूस आधींच घातलेला आहे. ज्या दिवशीं आपणांस ह्या मंदिरांत स्नानसंस्कारासाठीं आणलें, त्या दिवशीं पाण्याच्याहि आधीं धर्मगुरूनें, आईबापांनीं व धर्ममातापित्यांनीं आपल्या कपाळावर बोटानें क्रूस काढला. तो पुसला जात नाहीं, चोरीस जात नाहीं, गहाण पडत नाहीं. दरवर्षीं राखेच्या बुधवारीं तोच पुन्हां कपाळावर काढला जातो. मरणाच्या वेळीं जवळची माणसें आपल्या हातांत क्रूस देतील, आणि शेवटीं आपल्या मातीवरहि तोच उभा राहील. गळ्यांतील क्रूस म्हणजे त्या अदृश्य क्रूसाची आठवण. ती आठवण ज्याला पाहिजे त्यानें आनंदानें घालावी. ज्यानें घातली नाहीं त्याला कोणी उणें लेखूं नये. आणि ज्यानें घातली त्यानें, ती वाचतां येईल असें जगावें.

आपल्या पूर्वजांनीं ह्या धर्मग्रामाचा पाया घातला, तेव्हां मंदिराच्या शिखरावर त्यांनीं क्रूस चढविला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दुरून दिसतो. परंतु ह्या मंदिराच्या चार भिंतींत काय चालतें हें ओळखावयाचें असेल तर लोक शिखराकडे पाहणार नाहींत. ते आपल्याकडे पाहतील. आलेक्सामेनोसाला ओळखलें तसें ते आपणांसहि ओळखोत, एवढीच आमची ह्या महोत्सवाच्या दिवशीं प्रभूपाशीं प्रार्थना आहे. आमेन.